खारीचा वाटा

वाईच्या एका जुन्या आळीत, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, एक कौलारू घर आहे. पुढे ओटी, मागे परस. परसात एक पेरूचे झाड, एक शेवगा, तुळशीवृंदावन आणि कपडे वाळत घालण्याची तार, एवढाच काय तो संसार. परंतु सकाळी सूर्य वर येतो न येतो तोच त्या परसात जी गर्दी उसळते, ती आठवड्याच्या बाजारासही लाजवील. चिमण्यांचा थवा येतो, होले दबकत येतात, साळुंक्या भांडतच येतात, बुलबुलांची जोडी पेरूवर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहते. दयाळ शेवग्याच्या शेंड्यावरून शीळ घालीत असतो. त्यास दाण्यांशी काही कर्तव्य नाही, तो किड्यांवर जगणारा. पण गर्दीची हौस त्यालाही असावी.

या पंगतीचे यजमानपण पूर्वी घरातील आजींकडे होते. लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवसापासून, सकाळी स्नान झाले की तांदळाच्या कण्या आणि बाजरी यांची ओंजळ मातीच्या परळात घालावयाची, शेजारी एका वाडग्यात पाणी ठेवावयाचे, हा त्यांचा नेम. ज्या देशात जेवणापूर्वी काकबळी काढून ठेवितात आणि मुंग्यांच्या वारुळाशी साखर टाकितात, तेथे या नेमाचे कोणास नवल वाटले नाही. शेवटच्या आजारात त्यांची खाट मुद्दाम परसाकडील खिडकीशी लावली होती. बोलणे हळूहळू कमी झाले. दृष्टी मात्र परळाकडे असे. सकाळी औषध घेण्यापूर्वी त्या एकच विचारीत, "दाणे घातले का?" होय म्हटले, की मग त्या औषध घेत.

आजी गेल्या. तेरावा झाला, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी पहाटे आजोबांनी, कोणासही काही न सांगता, बाजरीचा डबा उघडला.

आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. धोम धरणाच्या कालव्यांवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. मोजमाप हा त्यांचा स्वभावच झाला होता. कोणत्या पक्ष्याने किती दाणे खाल्ले याचा हिशेब काही त्यांस ठेवता येईना, पण पाव किलो बाजरी किती दिवस पुरते, याची नोंद ते एका जुन्या रोजनिशीत करीत. पहिले वर्ष ठीक गेले. दुसऱ्या वर्षी हिशेब चुकू लागला. जी बाजरी चार दिवस पुरत असे, ती दोन दिवसांत संपू लागली. पक्षी तर तेवढेच दिसत! एके दिवशी आजोबा खिडकीच्या आडून पाळतीवर बसले, आणि तेव्हा चोर सापडला. परळाच्या मधोमध बैठक मारून, दोन्ही हातांत दाणा धरून, एक खार अत्यंत सावकाश न्याहारी करीत होती. काठावर चार चिमण्या ओशाळल्यासारख्या बसून होत्या.

रामाने समुद्रावर सेतू बांधिला, तेव्हा खारीने वाळूत लोळून अंगाला लागलेले कण सेतूवर नेऊन झाडले आणि रामाने प्रेमाने फिरविलेल्या बोटांचे पट्टे तिच्या पाठीवर कायमचे उमटले, ही कथा मराठी घरांत लहान मुलेही सांगू शकतात. खारीचा वाटा हा शब्दप्रयोग तिच्यावरूनच आला. महाराष्ट्रात तीन पट्ट्यांच्या खारी आढळतात, तशा पाच पट्ट्यांच्याही आढळतात. कथेतील बोटांची संख्या तेवढी ज्याने त्याने जुळवून घ्यावी. या परसातील खार मात्र वाटा देण्यापेक्षा घेण्यात अधिक तरबेज निघाली.

"हिच्या बाजरीचा नेम नव्हता तुझ्या आजीचा," आजोबा नातीस म्हणाले. नात सहावीत शिकत होती. ती म्हणाली, "पण आजोबा, आजी कुठे खारीला हाकलत होती?" आजोबांनी त्याचे उत्तर दिले नाही. आजींच्या नेमास कोणी तरी धक्का लावीत आहे, असे त्यांस वाटू लागले होते, आणि असे एकदा वाटले म्हणजे मनुष्यास दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही.

मग उपाय सुरू झाले. मांजरापासून दही राखावयाचे तर ते शिंक्यावर ठेवावे, हा आपल्या घरांतील पूर्वापार इलाज. आजोबांनी परळ शिंक्यात ठेवून ते पेरूच्या फांदीस टांगले. खार फांदीवरून दोरीवर आली आणि डोके खाली, शेपूट वर अशा थाटात दोरीवरून सरळ परळात उतरली. खारीच्या मागच्या पायांचे घोटे मागे वळतात. त्यामुळे मांजरास जे साधत नाही ते तिला सहज साधते. दोरीच्या जागी बारीक तार आली. तारेवरूनही ती घसरत उतरली, उलट अधिक लवकर उतरली.

आजोबांनी शिंके सोडले आणि परळ कपड्यांच्या तारेच्या मध्यावर टांगला. दोन्ही बाजूंस तारेत नळीचे तुकडे ओवले. खारीने त्यावर पाय ठेवला की तुकडा गर्रकन फिरावा आणि ती खाली पडावी, अशी ती योजना होती. योजना अचूक होती. खार खरोखरीच पडली. पण शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या प्राण्यास असे पडण्याचे काही वाटत नाही. तिने अंग झाडले, वळचणीस चढली, तेथे क्षणभर शेपूट उडविली आणि कौलांच्या कडेवरून थेट परळात उडी टाकली. आजोबांनी टेप लावून पाहिले, अंतर चार फूट दोन इंच भरले. ज्यांनी कृष्णेचे पाणी कालव्यांतून शिस्तीने चालविले, त्यांना ही ओंजळभर खार आवरेना!

याच सुमारास नातीने शाळेच्या ग्रंथालयातून काही माहिती जमवून आणली. इंग्लंड-अमेरिकेत थंडीच्या दिवसांत, जेव्हा जमीन गोठून जाते आणि पक्ष्यांस खावयास मिळत नाही, तेव्हा लोक परसात दाण्यांची भांडी टांगतात. आणि त्या प्रत्येक भांड्यामागे एक खार लागलेली असते. तेथील खार आपल्या खारीहून बरीच मोठी, करड्या रंगाची. ती मूळची अमेरिकेतील. १८७६ साली एका हौशी गृहस्थाने तिची एक जोडी आणून इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील आपल्या बागेत सोडली. पुढे इतरांनीही हा हौसेचा खेळ केला, आणि आज इंग्लंडच्या बहुतेक भागांतून तेथील मूळची तांबडी खार नाहीशी झाली आहे. आपली पट्ट्यांची खारसुद्धा अशीच परदेशी गेली. १८९८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून ती बाहेर पडली आणि त्या शहरातच वस्ती करून राहिली. माणसाने हौसेने सोडावे आणि मग तक्रार करीत बसावे, असा हा प्रकार आहे. वाईच्या खारीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. ती तेथे आळी वसण्यापूर्वीपासून असावी.

"तिकडे लोक दाण्यांत तिखट मिसळतात," नातीने सांगितले. "पाखरांना तिखट लागतच नाही म्हणे."

आजोबांना हे पटेना. पण गोष्ट खरी आहे. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे होतो, त्याचे नाव कॅप्सेसिन. माणूस, उंदीर, खार अशा सस्तन प्राण्यांच्या तोंडास ते भाजल्यासारखे लागते. पक्ष्यांस ते जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून तर पोपट हिरवीगार मिरची मिटक्या मारीत खातो. यात झाडाचा स्वार्थ आहे. उंदरासारखा प्राणी मिरचीचे बी दाढांखाली चिरडून टाकतो, तर पक्ष्याच्या पोटातून ते बी धडधाकट बाहेर पडते आणि दूर कोठे तरी रुजते. अमेरिकेतील रानमिरचीवर हे प्रयोग करून दोन संशोधकांनी २००१ साली ते प्रसिद्ध केले. मिरची हीदेखील मूळची अमेरिकेचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि आपण तिच्याविना जेवणे विसरलो.

सूनबाईंकडून दोन चमचे लाल तिखट मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्यांनी लालभडक बाजरी निःशंकपणे टिपली. खार आली, तिने एक दाणा उचलला, तो टाकला, दोन्ही पंजांनी तोंड पुसले; पंजांचे तिखट डोळ्यांत गेले असावे, कारण ती वेड्यासारखी पेरूच्या बुंध्यावर डोके घासू लागली. नातीने खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी घाटाकडून वारा सुटला आणि परळातील तिखट उडून आजोबांच्याच डोळ्यांत गेले. ते अर्धा तास न्हाणीघरात डोळ्यांवर पाणी मारीत होते. सूनबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं, मामंजी." तिखटाचा प्रयोग तेथे थांबला.

येथे सर्वच थांबावयास हवे होते.

पण आजोबांनी परसाच्या मधोमध एक लोखंडी नळ पुरला, त्याच्या माथ्यावर फळी बसविली, फळीवर परळ ठेविला. पेरूपासून, शेवग्यापासून आणि वळचणीपासून अंतरे टेपने मोजून घेतली. उडीची वाट बंद झाली; राहिली ती फक्त चढण्याची. त्यावर एका शेजाऱ्यांनी सुचविले, की नळास वंगण फासावे. मळ्यावरील पंपाचे वंगण त्यांच्याकडे डबाभर होते. संध्याकाळी आजोबांनी ते काळे, घट्ट वंगण नळास हातभर उंचीपर्यंत माखले. नात क्लासला गेली होती. ती असती तर कदाचित काही बोलली असती.

सकाळी पहिल्या चिमण्या आल्या आणि परळाशी न थांबता उडून गेल्या. नळाच्या बुडाशी काहीतरी काळे पडले होते. खार रात्री बाहेर पडत नाही. ती उजाडता उजाडता आली असावी आणि घसरल्यावरही पुन:पुन्हा चढली असावी. पोट, पाय, शेपूट सारे वंगणाने चिकटून एक झाले होते. ती जिभेने ते काढण्याचा प्रयत्न करीत होती आणि थरथरत होती. आजोबा जवळ आले तरी ती पळाली नाही. ज्या प्राण्याने दोन महिने त्यांस हुलकावणी दिली, तो आज एका जागी बसून होता.

नातीने काही म्हटले नाही. तिने घरात जाऊन जुना पंचा आणला आणि आजोबांच्या हाती दिला.

गावातील जनावरांच्या डॉक्टरांकडे बहुधा गाई-म्हशी येतात. बुट्टीत खार घेऊन आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांकडे पाहून ते प्रथम हसले. पंचा बाजूस केल्यावर मात्र हसले नाहीत. त्यांनी अंगावर तांदळाचे पीठ भुरभुरून वंगण टिपून घेतले, मग साबणाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुतले, पुन्हा पीठ, पुन्हा पाणी. शेपटीचे केस इतके चिकटले होते, की टोकाकडील केस कापावेच लागले. "असे केस चिकटले की अंगात ऊब राहत नाही," ते सांगत होते, "आणि चाटून चाटून हे विष पोटात जाते. एखादी चिमणी त्या नळाला लागली असती, तर तिचे पंख उघडले नसते." आजोबांनी मान खाली घातली. चिमण्यांसाठीच तर हे सारे केले होते.

डॉक्टरांनी खारीस उताणी केले आणि ते थबकले. "ही दूध पाजते आहे," ते म्हणाले. "हिची पिले कुठे तरी असणार. लवकर घरी न्या. अंग कोरडे झाले की सोडा."

तेव्हा दहा वाजले होते. पहाटेपासून पिलांस दूध नव्हते.

घरी आल्यावर बुट्टी उन्हात, पण उकडणार नाही अशी ठेविली आणि साऱ्या घराने पिलांचा शोध आरंभिला. पेरूवर काही नव्हते, शेवग्याच्या ढोलीत काही नव्हते. अखेर नातीने कान दिला. वळचणीतून, वाशाच्या आणि भिंतीच्या सांदीतून, बारीक चिर्र असा आवाज येत होता. मध्येच थांबत होता. वडिलांनी शिडी धरली, ती चढली.

"दोन आहेत," ती वरून हळूच म्हणाली. "डोळे मिटलेलेच आहेत अजून. खाली काथ्या आहे, गवत आहे... आणि कापूस आहे, आजोबा."

"कापूस कसला?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजीच्या वाती आहेत."

आजींनी वळून ठेविलेल्या फुलवातींचा एक डबा देवघराच्या फडताळात होता. त्या वाती संपू नयेत म्हणून सूनबाई सणावारीच त्यांतली एखादी काढीत. महिन्यापूर्वी झाकण उघडे राहिले आणि वाती नाहीशा झाल्या. उंदरांनी नेल्या असे धरून घरात पिंजरा लावला होता. सूनबाईंनी त्या दिवशी डोळ्यांस पदर लावला होता, आणि आजोबा दोन दिवस कोणाशी नीट बोलले नव्हते.

"हात लावू नकोस," आजोबा खालून म्हणाले. "आहे तसे राहू दे. खाली ये."

दुपारी दोनच्या सुमारास खारीचे केस वाळले. बुट्टी वळचणीखाली, भिंतीशी ठेवून झाकण बाजूस केले आणि सारे जण घरात येऊन परसाकडील खिडकीमागे बसले. आजींची खाट अजून तेथेच होती. बराच वेळ बुट्टीतून काहीच बाहेर आले नाही. भिंतीवरील घड्याळ एरवी कोणास ऐकू येत नाही. तेव्हा येत होते. मग एक नाकाड दिसले. खार बुट्टीच्या काठावर बसली, तिने आपली अर्धी कापलेली शेपूट हुंगली, आजूबाजूस पाहिले, आणि भिंतीवरून वर चढली. मध्ये एकदा थांबली, पुन्हा चढली आणि वाशामागे दिसेनाशी झाली. चिर्र चिर्र हा आवाज थोडा वेळ वाढला. मग थांबला.

नातीने आजोबांचा हात धरला होता. तो तिने सोडला नाही.

पाऊण तासाने खार पुन्हा बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडात एक पिलू होते. गाठोड्यासारखे गुंडाळलेले ते पिलू घेऊन ती कौलांच्या कडेने पळत गेली, शेजारच्या भिंतीवर उतरली आणि पलीकडील चिंचेवर चढली. थोड्या वेळाने येऊन तिने दुसरेही नेले. जागा धोक्याची वाटली की खारी असेच करतात.

"सोडून चालली वाटतं," सूनबाई म्हणाल्या.

आजोबा उठून बाहेर गेले. त्यांनी रॉकेलचा बोळा घेऊन नळ पुसण्यास आरंभ केला. वंगण लावण्यास दहा मिनिटे लागली होती. काढण्यास संध्याकाळ झाली. रॉकेलचा वासही राहू नये म्हणून त्यांनी साबण लावून, गरम पाणी ओतून नळ तीनदा धुतला. वळचणीतील कापूस मात्र त्यांनी काढू दिला नाही.

नंतरच्या रविवारी त्यांनी एक जुने घमेले आणले, बुडास भोक पाडले आणि नळाच्या मध्यावर उपडे बसविले. चढणारा प्राणी त्या छपराखाली अडकतो, त्यास वळसा घालता येत नाही, आणि त्यात कोणास इजाही होत नाही. परदेशी लोकही पुष्कळ खटपटीनंतर याच युक्तीवर आले आहेत. पेरूच्या बुंध्याशी, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, दुसरा एक परळ बसविला. त्यात ते रोज मूठभर भुईमुगाच्या शेंगा ठेवीत. मीठ लावलेल्या किंवा तळलेल्या नव्हेत, साध्या कच्च्या. रोजनिशीत आता दोन रकाने झाले.

शेंगा खावयास खारी आल्या, पण त्या दुसऱ्याच. आजोबा प्रत्येकीची शेपूट पाहत. सारी शेपटे अखंड होती. चिंचेखालून जाताना ते उगीच वर पाहत आणि पुढे जात. नातीच्या चाचणी परीक्षा आल्या आणि गेल्या.

एके सकाळी नात दात घासत परसात आली आणि तशीच थांबली. पेरूच्या परळात शेंगा होत्या, त्यांस कोणी तोंड लावले नव्हते. नळाच्या बुडाशी, मान वर करून, एक खार बसली होती. तिच्या शेपटीच्या टोकास नवे, आखूड केस आले होते. तिने घमेल्याकडे पाहिले, मग वळचणीकडे, मग पेरूच्या नव्याने वाढलेल्या एका फांदीकडे. आणि तिची शेपूट दोनदा उडाली.

"आजोबा," नातीने हळूच हाक मारली, "लवकर या. आणि येताना टेप घेऊन या."